सव्वाशे ग्रॅम

भरमाण्णा देसूरकर गेले त्या दिवशी
उद्यमबागेतली एकही फौंड्री बंद राहिली नाही.
भट्टी पेटली की पेटली,
वितळलेला धातू मयतासाठी थांबत नाही.
हे त्यांनीच शिकवलेलं.

मी त्यांचा पॅटर्नमेकर, लाकडातला माणूस.
आधी सागवानात, मग वाळूत, मग अ‍ॅल्युमिनियमात,
तीनदा जन्मायचा प्रत्येक तुकडा.
बाकीचे मालक विचारायचे, मजबूत आहे का?
मामा विचारायचे, "ह्यातलं काय काढता येतंय, सांग बघू."

रविवार पेठेतून जुना भुसारी तराजू आणलेला.
पारड्याला तूरडाळीचा वास शेवटपर्यंत राहिला.
त्यात आमचे नट, बोल्ट, बिजागऱ्या,
एकदा तर ड्रायव्हरचा, इनास रिबेलोचा, बूट.

एकाहत्तर साली पहिली गाडी झाली.
गल्ली बघायला लोटली, पुढचं झाकण उघडून दचकली.
आत काहीच नाही. एक जेवणाचा डबा.
"मामा, इंजिन घालायचं विसरलात की!"
"बैल पुढं असतोय, खरं आहे.
अडकलेली गाडी ढकलणारा कुठं असतोय?"
आणि मकबूल सनदीनं मागचं इंजिन चालू केलं.
पुढं कुणी काही बोललं असेल तर
ते ऐकू आलं नाही.

रंगवायला शहापूरचा शिवलिंग बडिगेर.
नाव कुठल्या लिपीत काढू, म्हणाला.
त्या दिवसांत गावात पाट्यांवरून दगड पडत होते.
मामांनी रंगाचा डबा आधी तोलला,
एका पत्र्यावर नाव काढून घेतलं, डबा पुन्हा तोलला.
"सव्वाशे ग्रॅम. दोन्ही लिप्यांत अडीचशे. नको.
नुसता नंबर काढ."
बडिगेर ब्रश धरून उभाच.
"नंबर तरी कुठला? कन्नड आकडा, मराठी की इंग्रजी?"
मामा बराच वेळ बघत राहिले गाडीकडं.
"शून्य काढ. ते सगळीकडं सारखंच असतंय."

शोलावरमच्या धावपट्टीवर अधिकारी म्हणाले,
शून्य हा नंबर नव्हे.
कागदावर एकतीस लिहून चिकटवलं त्यांनी,
दुसऱ्या फेरीत ते उडालं.
शेवंता हुंदरे, आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई,
स्टॉपवॉच धरून कठड्यावर चढलेल्या,
अकरा फेऱ्या ओरडत होत्या, "शून्य पुढं! शून्य पुढं!"

बारावीत गिअरबॉक्स फुटला.
बेअरिंगमागची भिंत. चार मिलिमीटर.
मी पाच म्हणालो होतो.
पण कोरली मीच, चार.

इनासचा डावा गुडघा पुन्हा वाकला नाही.
मामा रोज सिव्हिलला जायचे, बाकावर बसायचे,
गाडीबद्दल चकार शब्द नाही.
इनासनं पुढं कॅम्पात बेकरी काढली.
दुसऱ्या गाडीचं ड्रॉइंग माझ्याकडं आलं तेव्हा
ती भिंत पाच होती.
खोडरबरानं झिजलेल्या जागी, बारीक अक्षरात, पाच.
माफी म्हणून एवढंच मिळालं आम्हाला,
एक मिलिमीटर. मी ते जपून कोरलं.

पुढं गाड्या झाल्या आणखी सहा.
मग पैसे संपले, मग वय.
पुतण्या आता हायड्रॉलिक व्हॉल्व्ह करतो, चांगले करतो.

सदाशिवनगरच्या स्मशानात इनास काठी टेकत आला.
काठी माझ्याकडं दिली, खांदा दिला.
एक पाय ताठ, त्यामुळं तिरडी त्याच्या बाजूला झुकायची,
मकबूल दुसरीकडून सावरत होता.
"हलके झालेत बे," इनास म्हणाला.
"किती असतील?" मकबूलनं विचारलं, सवयीनं,
आणि मग मान खाली घातली.

परवा पिरनवाडीला गेलो होतो.
पहिल्या गाडीच्या नाकाचा फायबरचा साचा
एका गवळ्याच्या गोठ्याबाहेर उताणा पडलेला, पाण्यानं भरून.
त्या वळणासाठी तीन महिने रंधा मारलेला मी.
एक म्हैस आली, तोंड बुडवलं.
पाणी तिच्या नाकापासून सुटलं,
कडेकडेनं गेलं, कुठंही न अडखळता,
वारा जसा जायला पाहिजे होता तसं.